चेकरबाईच्या एकसारख्या काड्या

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. तिचं काम एकच. विणून, धुऊन आलेले मोजे पावलाच्या आकाराच्या लाकडी फळ्यांवर चढवायचे, दोन्ही फळ्या शेजारी धरायच्या आणि पट्टीला पट्टी, टाचेला टाच, रबराला रबर जुळतंय का ते बघायचं. जुळलं तर जोडी पॅकिंगला, नाही जुळलं तर मागच्या पोत्यात. बोटाशी एखादा टाका कमी पडला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही. मशीनवरचे लोक तिला टरकून असत.

पोत्यातला माल कामगारांनाच वाटून टाकायची कारखान्याची पद्धत होती. त्यामुळे अख्ख्या गावात सगळ्यात विजोड मोजे कुठे असतील, तर ते चेकरबाईच्या घरी. सासऱ्यांच्या एका पायात निळी पट्टी, दुसऱ्या पायात हिरवी. नवऱ्याचा एक मोजा घोट्यापाशी दम टाकायचा आणि दुसरा थेट गुडघ्याकडे निघालेला असायचा. तिला ते बघवायचं नाही. घरी आल्यावर कुणाच्या पायांकडे बघायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

त्या घरात आजारी पडायचा हक्क फक्त सासूबाईंचा. त्यांचे गुडघे धरायचे, डोकं चढायचं, छातीत जळजळायचं, आणि खोकला तर इतका जुना होता की घरातली माणसं त्याच्यावर घड्याळ लावत. या खोकल्यापायीच त्या कितीतरी वर्षं बाहेरच्या खोलीत एकट्या झोपायच्या. आपल्यामुळे यांची झोपमोड नको, म्हणायच्या. सासरे आत पलंगावर. दुसऱ्या कुणी घरात नुसती शिंक दिली, तरी सासूबाई कपाळाला हात लावून म्हणत, "माझ्यामुळेच लागलं असणार." म्हणजे शिंकसुद्धा शेवटी त्यांच्याच खात्यावर जमा.

चेकरबाईला काही व्हायचंच नाही. निदान तसं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिचा डावा खांदा दिवसभर मोजे ताणून ताणून भरून यायचा, पण तिने तसं म्हटलं की नवरा म्हणायचा, "तुला काय धाड भरलीये? घोड्यासारखी तर आहेस." तो प्रेमाने म्हणायचा, यात शंका नाही. पण घोड्याचासुद्धा खांदा दुखत असेल, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

तर अशा या चेकरबाईच्या कारखान्यात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरीणबाई आली. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर तिचं संशोधन चालायचं. वयाने लहानशी, केस घाईने बांधलेले. बाकांवर डबे उघडून बसलेल्या बायकांसमोर उभी राहून तिने सांगितलं, की बाईच्या योनीत जंतूंची एक वस्ती असते, निरोगी बाईच्याही असते, आणि त्यातले बरेचसे जंतू भले असतात. दही लावणाऱ्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी म्हणा ना. ते आतलं वातावरण आंबट ठेवतात आणि नको त्या जंतूंना फिरकू देत नाहीत.

"आम्हाला स्वतःला राहायला जागा पुरत नाही," पॅकिंगवाली म्हणाली, "आणि हे भाडेकरू आत मजेत!"

सगळी बाकं गदागदा हलली. डॉक्टरीणबाईही हसली, पण तिने मुद्दा सोडला नाही. ही वस्ती दिवसागणिक कशी बदलते, पाळीच्या दिवसांत काय होतं, नंतर काय होतं, ते तिला बघायचं होतं. दिवसाआड कापसाची एक काडी आतून हलकेच फिरवायची, नळीत घालायची, नळीवर तारखेचं लेबल चिकटवायचं आणि नळी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. शक्यतो एकही दिवस चुकवायचा नाही.

"मात्र आजारी बायका नकोत," ती म्हणाली. "काही तक्रार नसलेल्या, धडधाकट बायका हव्यात."

सगळ्या जणींनी माना वळवून चेकरबाईकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिची कशासाठी तरी निवड झाली होती. ती लाजली, डब्याचं झाकण लावलं, आणि मनात एक गोष्ट पक्की करून टाकली. बाकीच्यांची वस्ती बदलत असेल तर बदलो. आपली बदलायची नाही. आपला माल एकसारखा.

दर पंधरवड्याला नळ्या द्यायला तिला त्या दुसऱ्या मजल्यावर जावं लागायचं. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईने विचारलं, "कशा आहात?" चेकरबाई म्हणाली, "बरी." आणि उठायला लागली. पण डॉक्टरीणबाई पेन उचलून तशीच बघत राहिली, जणू उत्तर अजून यायचंच होतं. मग चेकरबाई पुन्हा बसली आणि खांद्याचं सांगितलं. पुढच्या वेळी झोपेचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी पाळीच्या आधी उगाच रडू येतं, हे सांगितलं. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई सगळं ऐकायची, मध्येच "मग?" म्हणायची. त्या खोलीत संगणक ठेवलेलं एक डुगडुगणारं टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात तपासणीच्या खाटेपुढे पडदा आणि गुरगुरणारा भलामोठा फ्रीझर एवढंच होतं, पण चेकरबाईला तिथे जायला मनापासून आवडायचं. पंधरवडा कधी संपतो याची ती वाट बघायची.

घरी मात्र नळ्यांचं काय सांगायचं, हा प्रश्न होता. तिने त्या मोज्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या. खोक्यावर छापलेलं होतं, 'मुलांचे मोजे, शाळेचा रंग'. सासूबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कारखान्याचं आहे, आई. रंगांचे नमुने. गार ठेवावे लागतात." सासूबाई "असं होय" म्हणाल्या आणि गुडघा चोळत बसल्या.

फ्रीज जुना होता आणि त्यात बर्फ साठायचा. बर्फ साठला की फ्रीजलाही सर्दी होते, असं सासूबाईंचं मत होतं, आणि ती सर्दी त्या स्वतः काढायच्या. बटण बंद करायचं, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि उलथन्याने बर्फ खरवडायचा. घरातल्या कामांपैकी एवढं एक काम करताना त्यांचं काहीही दुखायचं नाही.

एके दिवशी चेकरबाई कारखान्यातून घरी आली, तर खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या नळ्या ओळीने उन्हात उभ्या होत्या. झाकणं उघडी.

"भिजल्या होत्या गं," सासूबाई म्हणाल्या. "वाळत घातल्यात."

जवळजवळ अख्खा पंधरवडा त्या कट्ट्यावर ऊन खात बसला होता. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाली होती. आता ती म्हणणार, चेकरबाई, तुम्हाला काही हे जमत नाही, दुसरी कुणी तरी बघते. मग ती खुर्ची गेली. ते 'कशा आहात' गेलं. पॅकिंगवाली विचारणार, काय गं, तुला निरोगीतून काढलं का? आणि सासूबाईंना तरी काय सांगणार? की आई, तुम्ही ज्या वाळत घातल्यात त्या...

तिने काहीच सांगितलं नाही. रविवारी ती काड्यांचं आणि कोऱ्या नळ्यांचं अख्खं पाकीट घेऊन बाथरूममध्ये शिरली आणि कडी लावली. विचार अगदी साधा होता. वस्ती आपलीच, जंतू आपलेच. सोमवारची काडी रविवारी घेतली म्हणून जंतू काय वेगळे निघणार आहेत? उलट सगळ्या काड्या एकसारख्या येतील. पहिल्या प्रतीचा माल. ती एकेक काडी घेत होती, नळीत घालत होती आणि त्यावर गेलेल्या दिवसाची तारीख लावत होती. त्या पंधरवड्यात पाळीही येऊन गेली होती. त्या दिवसांच्या तारखाही तिने लावून टाकल्या.

बाहेरून सासऱ्यांनी दार वाजवलं. "झालं का?"

"पोट दुखतंय!" ती आतून ओरडली.

"माझं तर सकाळपासून दुखतंय," बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

नळ्या गेल्या. डॉक्टरीणबाईने नेहमीसारखं विचारलं, "कशा आहात?" आणि चेकरबाईला पहिल्यांदाच काही सांगता येईना. "बरी," म्हणून ती उठली. खोटं बोलून वाचवलेल्या खुर्चीवर बसताना ती खुर्ची बोचते, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढच्या भेटींतही ती 'बरी'च्या पुढे गेली नाही.

प्रयोगशाळेतून उत्तर यायला बरेच आठवडे लागले. मग एका संध्याकाळी फोन आला. चेकरबाई आंघोळीला गेली होती, म्हणून सासूबाईंनी उचलला. डॉक्टरीणबाईने चेकरबाईला उद्या येऊन भेटायला सांगितलं होतं, एवढाच निरोप.

"कोण डॉक्टरीण?" सासूबाईंनी विचारलं.

"कारखान्याची." चेकरबाई केस पुसत राहिली.

"मीही येते. मला गुडघा दाखवायचाय."

गुडघ्याचे डॉक्टर तळमजल्यावर बसतात, तुम्ही तिथेच थांबा, असं चेकरबाईने परोपरीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तळमजल्याकडे बघितलंही नाही. ज्या बाईला घरातला उंबरा चढवत नाही, ती दोन मजले सुनेच्या पुढे चढून गेली.

डॉक्टरीणबाईने आजींना बाहेर बसायची विनंती केली. "सुनेचं माझ्यापासून काय लपलंय?" असं म्हणून आजी खुर्चीत बसल्याही. डॉक्टरीणबाईने चेकरबाईकडे बघितलं. चेकरबाईने मान हलवली, कारण सासूबाईंना नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

डॉक्टरीणबाईने संगणकाचा पडदा वळवला. त्यावर रंगीत उभ्या पट्ट्या होत्या, एका काडीची एक पट्टी. जितके रंग तितक्या प्रकारचे जंतू, आणि ज्याची संख्या जास्त त्याचा रंग लांब. चेकरबाई खुर्ची सरसावून बसली. पट्ट्या म्हणजे तिचंच खातं. सुरुवातीच्या पट्ट्या बघून तिचा चेहरा पडला. एका दिवशी पिवळा जवळजवळ पूर्ण, दोन दिवसांनी मध्येच जांभळा घुसलेला, पाळीत पिवळा पार आक्रसलेला आणि बाकीच्यांची दाटी, मग पुन्हा हळूहळू पिवळा. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. अख्खी ओळ पोत्यात टाकायच्या लायकीची. आणि मग पुढे तो पंधरवडा आला. पिवळा तेवढाच, हिरव्याची कड तेवढीच, काठाला काठ लागलेला. तिला राहवलं नाही.

"हा बघा!" तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा माल चांगला आलाय."

डॉक्टरीणबाईने कपाळ चोळलं. "ताई, त्याच्याचसाठी तुम्हाला बोलावलंय. इतकं एकसारखं कुणाचंच नसतं. काही बायकांची वस्ती फारशी हलत नाही, काहींची सारखी हलते, आणि दोघीही ठणठणीत असतात. पण अशी शिक्का मारल्यासारखी? हे दिवस तुमच्या पाळीचे आहेत ना? काडीला रक्ताचा ठिपका नाही. आधीचा दिवस आणि हा दिवस, तिळाचा फरक नाही." तिचा आवाज दुखावलेला होता. "या सगळ्या काड्या एकाच वेळी घेतल्यात तुम्ही."

कारखान्यात ज्या गोष्टीसाठी माल पास व्हायचा, त्याच गोष्टीसाठी ती इथे पकडली गेली होती.

"तिचं काही चुकलेलं नाही," अचानक सासूबाई म्हणाल्या. "मी फ्रीज साफ केला. मीच त्या नळ्या उन्हात ठेवल्या."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"रंगांचे नमुने म्हणे! दोन लाल, बाकीचे पांढरे." सासूबाईंनी पदर सावरला. "तीन बाळंतपणं झालीत माझी. कापूस कुठून फिरून आलाय ते मला कळत नाही होय?"

डॉक्टरीणबाईला हसू आवरेना, पण तिने चेकरबाईला सोडलं नाही. "मला सरळ का नाही सांगितलंत? नळ्या खराब झाल्या तर झाल्या, तेवढी जागा मी रिकामी ठेवली असती. खोट्या काड्यांनी माझं जास्त नुकसान होतं."

"तुम्ही मला काढून टाकलं असतं."

"बरं, काढलं असतं. मग?"

चेकरबाई हातातल्या पिशवीचे बंद पिळत बसली. मग म्हणाली, "मग मला 'कशा आहात' म्हणून कुणी विचारलं नसतं. घरात कुणी विचारत नाही. मला काही होतच नाही ना."

बोलून गेल्यावर तिला शेजारी सासूबाई बसल्यात याची आठवण झाली. आता घरी गेल्यावर काय काय ऐकावं लागणार, याचा हिशोब तिने मनात सुरू केला. पण सासूबाई खोकल्यासुद्धा नाहीत.

"तिला ठेवताय ना मग?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ठेवते की. खोटा पंधरवडा फक्त काढून टाकते."

"हं." सासूबाईंनी पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बोट केलं. "हे असं बदलणं... हे म्हणजे रोग नाही?"

"नाही आजी."

"कधी असं, कधी तसं. कधी जास्त जातं अंगावरून, कधी कमी. हे सगळं धडधाकट बाईचं?"

"हो. खाज, दुर्गंधी, वेदना असं काही असेल तर दाखवायला हवं. नाही तर हे चालायचंच. बाळंतपणानंतर बदलतं, पाळी गेल्यावर तर खूपच बदलतं. ते पिवळे भले जंतू मग कमी होतात, कोरडेपणा येतो."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "धाकट्याच्या वेळेपासून," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चेकरबाईने कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला, "मला वाटायचं, आतून काहीतरी नासलंय. रोज वेगळंच. कुणाला विचारायचं? आईला विचारलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं. यांना लागेल म्हणून मी अंथरूण बाहेर आणलं. काहीतरी कारण द्यायला हवं होतं. खोकल्याचं दिलं."

चेकरबाईने मनात वर्षं मोजली. धाकटा म्हणजे तिचा नवरा. त्याचे केस आता पिकायला लागले होते.

"मला तपासाल?" सासूबाईंनी विचारलं. मग पटकन म्हणाल्या, "गुडघा नंतर बघू."

डॉक्टरीणबाईने त्यांना कोपऱ्यातल्या पडद्यामागे नेलं. नीट तपासलं, एक काडी घेतली, आणि तपासून झाल्यावर हात धुता धुता सांगितलं, की वयाने होतो तेवढाच बदल दिसतोय, जळजळीसाठी मलम देते, काडीचा निकाल आला की कळवते. निकाल आला तो तसाच. त्या वयाच्या निरोगी बाईचा जसा यावा तसा.

तो ऐकायलाही दोघी मिळूनच गेल्या होत्या. सासूबाईंना आनंद होईल, असं चेकरबाईला वाटलं होतं. झालं उलटंच. त्या भडकल्या.

"म्हणजे मला काहीच झालेलं नव्हतं?"

"काहीच नाही, आजी. तुम्ही निरोगी आहात."

"मग इतकी वर्षं त्या बाहेरच्या खोलीत मी काय केलं? त्या खोलीत किती गारठा असतो, माहितीये तुम्हाला?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या जोरात खोकल्या. चेकरबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. यापूर्वी कधी ठेवला होता, ते तिला आठवेना.

जिना उतरताना सासूबाईंनी तिचा दंड धरला. "घरी कुणाला सांगू नकोस हां."

"काड्यांचं? नाही सांगणार, आई."

"काड्यांचं सांग हवं तर. मी बरी आहे, ते सांगू नकोस."

चेकरबाईला हसू फुटलं. ते दाबता दाबता तिचा पाय पायरीवरून घसरायला आला, तर सासूबाईंनीच तिला सावरलं. रस्त्याला लागल्यावर पुढे बघतच त्यांनी विचारलं, "तो खांदा कुठला गं? डावा ना?" घरी पोचल्यावर त्यांनी गुडघ्याच्या तेलाची बाटली काढली आणि सुनेला पाठमोरं बसवलं. तेल रगडताना त्या अखंड बडबडत होत्या, हा काय खांदा आहे का फळकूट, मोजे ताणतेस का बैल. चेकरबाई डोळे मिटून ऐकत बसली.

रविवारी जेवणं उरकली. नवरा बाहेर गेला होता. सासरे आतल्या पलंगावर आडवे होऊन वर्तमानपत्र वाचत होते, एका पायात निळी पट्टी, एका पायात हिरवी. चेकरबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिला दिसलं, की सासूबाई बाहेरच्या खोलीतून उठल्या, उशी काखेत मारली, आणि गुडघ्याला हात न लावता चालत आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. उशी बघून ते धडपडून उठून बसले.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलावू?"

चेकरबाईचा पुसायचा हात थांबला.

"बरी आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "सरका तिकडे."

सासऱ्यांना काही उमगलं नाही. पण ते सरकले.